विश्लेषण : फाइल एन्क्रिप्ट करून पाठवली, तरी ती चोरीला कशी जाते?

मोबाइल, टीव्ही किंवा दुचाकीचा हप्ता बँक खात्यातून दरमहा आपोआप कापला जावा म्हणून तुम्ही कधी एखाद्या फॉर्मवर सही केली असेल, तर तो बहुधा 'नॅच' या व्यवस्थेचा फॉर्म होता. ऑगस्ट २०२५च्या अखेरीस अशा फॉर्मच्या तब्बल २ लाख ७३ हजार पीडीएफ फाइल्स इंटरनेटवर उघड्यावर पडलेल्या सापडल्या. अपगार्ड या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना त्या अॅमेझॉनच्या क्लाउडवरच्या एका सर्व्हरवर दिसल्या. खाते क्रमांक, व्यवहाराच्या रकमा, लोकांचे संपर्क तपशील, सगळं त्यात होतं. किमान ३८ बँका आणि वित्तसंस्थांची नावं या कागदांवर होती.

त्या बघायला कुणाला पासवर्ड लागत नव्हता. संशोधकांनी संबंधितांना कळवल्यानंतरही काही दिवस तिथे रोज हजारो नव्या फाइल्स जमा होत होत्या. नंतर एका फिनटेक कंपनीने क्लाउडच्या सेटिंगमध्ये त्रुटी राहिल्याचं मान्य केलं.

या प्रकरणात कुणालाही कुठलं एन्क्रिप्शन फोडावं लागलं नाही. फाइल्स ज्या वाटेने सर्व्हरपर्यंत पोहोचल्या ती वाट आजच्या पद्धतीप्रमाणे कुलूपबंदच असणार. अॅमेझॉनची ही सेवा एन्क्रिप्टेड जोडणी देतेच. पण फाइल मुक्कामी पोहोचली आणि मुक्कामाचं दार सताड उघडं होतं.

बँक असो, शाळा असो की तुमचे सीए, 'तुमचा डेटा एन्क्रिप्ट करूनच पाठवला जातो' हे वाक्य हल्ली सगळीकडे ऐकू येतं. ते बहुतेक वेळा खरंही असतं. प्रश्न असा की, त्या वाक्यात नेमकं कशाचं आश्वासन आहे आणि कशाचं नाही?

एन्क्रिप्शन कशाचं रक्षण करतं?

एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर फाइल पाठवण्याची जी पद्धत अनेक दशकं जगभर वापरली गेली, तिचं नाव एफटीपी. तिचा पहिला मसुदा एप्रिल १९७१मध्ये लिहिला तो अभय भूषण यांनी. आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे हे विद्यार्थी तेव्हा अमेरिकेत एमआयटीमध्ये होते. त्या काळी नेटवर्कवर मोजकी विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या, सगळे एकमेकांना ओळखत. त्यामुळे एफटीपीमध्ये युजरनेम, पासवर्ड आणि फाइल हे तिन्ही साध्या, वाचता येईल अशा अक्षरांत जात. पोस्टकार्डासारखं, वाटेत ज्याच्या हाती लागेल त्याने वाचावं.

१९९५मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी असेच पासवर्ड टिपून घेतले. तिथला संशोधक तातू यलोनेन याने त्यावर उतारा म्हणून एसएसएच तयार केलं. दोन कॉम्प्युटर बोलायला लागण्याआधी आपसात एक गुप्त सांकेतिक भाषा ठरवतात आणि मग सगळं संभाषण त्याच भाषेत होतं, ही त्यामागची कल्पना. एफटीपीसाठी २१ आणि टेलनेटसाठी २३ हे पोर्ट क्रमांक ठरलेले होते. मधला २२ रिकामा होता. यलोनेनने तो मागितला आणि त्याला मिळालाही. आज जगभरातल्या सर्व्हरवर एसएसएच याच क्रमांकावर चालतं. याच एसएसएचच्या आधाराने फाइल पाठवण्याची जी पद्धत आहे, ती एसएफटीपी.

नावं सारखी असल्याने इथे एक गोंधळ नेहमी होतो. एसएफटीपी म्हणजे एफटीपीची सुधारित आवृत्ती नव्हे, ती पूर्ण वेगळी पद्धत आहे. जुन्या एफटीपीवरच एन्क्रिप्शनचा थर चढवला की होतं ते एफटीपीएस. वेबसाइटच्या पत्त्याआधी दिसणाऱ्या एचटीटीपीएसमध्ये जे एन्क्रिप्शन वापरतात, तेच इथे असतं. दोन्ही पद्धती नीट बसवल्या तर सुरक्षित आहेत. साधं एफटीपी मात्र आता मागे पडलं आहे. फायरफॉक्स आणि क्रोम या दोन्ही ब्राउझरनी २०२१मध्ये ते काढून टाकलं. तरीही स्वस्त होस्टिंगवर चालणाऱ्या छोट्या वेबसाइट्स आणि कार्यालयांमधून ते पूर्ण गेलेलं नाही. 'पूर्वीपासून चालू आहे' यापलीकडे त्याला सहसा काही कारण नसतं.

म्हणजे एन्क्रिप्टेड ट्रान्सफर रक्षण करतं ते वाटेचं. स्टेशनवरचं फुकटचं वायफाय, मधला इंटरनेट पुरवठादार, केबलवर कान लावून बसलेला कुणी, यांच्यापासून फाइल वाचते. दोन्ही टोकांना ती उघडी होते आणि पुढचं सगळं त्या टोकांवर अवलंबून असतं.

सर्व्हर खरा की तोतया?

वाट कुलूपबंद असली तरी ती भलत्याच घरी जात असेल तर? म्हणून एसएफटीपीने पहिल्यांदा सर्व्हरला जोडताना स्क्रीनवर एक प्रश्न येतो : या सर्व्हरची ओळख अशी-अशी आहे, विश्वास ठेवायचा का? सोबत अक्षर-अंकांची एक लांबलचक ओळ असते. तिला फिंगरप्रिंट म्हणतात. ही ओळ सर्व्हर चालवणाऱ्याला फोन करून पडताळून पाहायची असते. प्रत्यक्षात जवळपास सगळे 'येस' लिहून पुढे जातात.

एकदा 'येस' म्हटलं की तुमचा कॉम्प्युटर ती ओळख लक्षात ठेवतो. पुढे कधी ती बदललेली दिसली तर तो मोठ्या अक्षरांत धोक्याची सूचना देतो आणि जोडणी तोडतो. मार्च २०२३मध्ये जगभरातल्या असंख्य प्रोग्रामरनी ही सूचना एकाच दिवशी पाहिली. गिटहब या कोड साठवणाऱ्या प्रचंड मोठ्या सेवेची एक खासगी किल्ली चुकून सार्वजनिक ठिकाणी काही काळ उघडी पडली होती. ती चोरून कुणी तोतया गिटहब उभं करू नये म्हणून कंपनीने २४ मार्चला किल्लीच बदलली. त्यामुळे खऱ्या सर्व्हरची ओळख बदलली आणि सूचना झळकली. त्या दिवशी गिटहबने नवी ओळख आपल्या वेबसाइटवर जाहीर केली होती, ती ताडून पाहणं हा बरोबर मार्ग होता. जुनी नोंद पुसून डोळे मिटून पुन्हा 'येस' म्हणणं हा सोपा मार्ग होता.

पासवर्ड की किल्ली?

सर्व्हरने तुमची ओळख कशी पटवायची, हा दुसऱ्या बाजूचा प्रश्न. पासवर्ड हा सर्वांना ठाऊक असलेला उपाय आहे आणि इथे तोच सर्वांत कच्चा आहे. पोर्ट २२ उघडं असलेला कुठलाही सर्व्हर इंटरनेटवर आला की थोड्याच वेळात अनोळखी यंत्रं त्यावर 'अॅडमिन', 'रूट', 'टेस्ट' अशी नावं आणि नेहमीचे पासवर्ड आजमावू लागतात. हे कुणी खास तुमच्यावर डोळा ठेवून करत नसतं, ते दिवसरात्र आपोआप चालू असतं.

त्याऐवजी किल्ल्यांची जोडी वापरतात. तुमच्या कॉम्प्युटरवर एक खासगी आणि एक सार्वजनिक अशा दोन किल्ल्या तयार होतात. सार्वजनिक किल्ली खरं तर कुलपासारखी असते. ती सर्व्हरवर बसवायची आणि कुणालाही दाखवली तरी चालते. खासगी किल्ली तुमच्या कॉम्प्युटरबाहेर जाऊच द्यायची नाही. सध्या यासाठी ईडी२५५१९ हा प्रकार सुचवला जातो. किल्ली बनवताना तिला स्वतःचा एक पासफ्रेझ द्यायचा, म्हणजे लॅपटॉप चोरीला गेला तरी किल्ली लगेच वापरता येत नाही. त्यानंतर सर्व्हरवर पासवर्डने आत येणं बंद करून टाकायचं. सगळ्या खटाटोपातली सर्वांत जास्त फळ देणारी पायरी हीच, आणि टाळली जाते तीही हीच. कारण कुणाचा तरी जुना प्रोग्राम पासवर्डवरच चालत असतो.

किल्लीही निष्काळजीपणे ठेवली तर हरवतेच. ऑफिसातल्या पाच जणांनी एकच खासगी किल्ली व्हॉट्सअॅपवरून एकमेकांना पाठवली, तर ती खासगी राहिली कुठे? पासवर्ड साठवण्याचंही तसंच. फाइलझिला हा लोकप्रिय मोफत प्रोग्राम सर्व्हरचे पासवर्ड लक्षात ठेवतो. पण तुम्ही मास्टर पासवर्ड लावला नसेल तर ते कॉम्प्युटरवर जवळपास उघड्या रूपातच पडून असतात.

मूव्हइट प्रकरणात काय घडलं?

इथवर सगळं नीट केलं तरी काय होऊ शकतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण २०२३चं आहे.

मूव्हइट ट्रान्सफर हे अमेरिकेतल्या प्रोग्रेस सॉफ्टवेअर या कंपनीचं उत्पादन. बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती, विद्यापीठं यांनी मोठ्या आणि संवेदनशील फाइल्स सुरक्षितपणे पाठवाव्यात यासाठीच ते बनवलं आहे. फाइल वाटेतही एन्क्रिप्टेड आणि सर्व्हरच्या डिस्कवरही एन्क्रिप्टेड. ज्यांना ई-मेलवर भरवसा नव्हता, त्यांनी पैसे मोजून घेतलेली ही तिजोरी होती.

२७ मे २०२३पासून क्लॉप या टोळीने ती रिकामी करायला सुरुवात केली. दिवस विचारपूर्वक निवडला होता. अमेरिकेत मेमोरियल डेच्या सुट्टीला जोडून आलेला तो शनिवार-रविवार होता आणि आयटी विभागांत माणसं कमी होती. प्रोग्रेसने त्रुटी जाहीर करून दुरुस्ती आणली ३१ मे रोजी. तोवर उशीर झाला होता.

हल्ल्याची युक्ती नवी नव्हती, अडीच दशकं जुनी होती. वेबसाइटवरच्या एखाद्या रकान्यात नाव लिहायचं असतं, तिथे नावाऐवजी डेटाबेसला दिलेला हुकूम लिहायचा. सर्व्हर गाफील असेल तर तो हुकूम पाळतो. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात आणि कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलांना ते सुरुवातीच्या काळातच सांगितलं जातं. मूव्हइटच्या वेब पानांत अशी एक फट राहून गेली होती. तिच्यातून आत शिरून टोळीने सर्व्हरवर आपलं एक छोटं पान बसवलं. ते मूव्हइटच्याच पानांपैकी एक वाटावं असं त्याचं नाव ठेवलं होतं. मग त्यातून फाइल्स बाहेर काढल्या.

डिस्कवरचं एन्क्रिप्शन इथे उपयोगी का पडलं नाही? कारण मूव्हइटला योग्य माणसाने फाइल मागितली की ती उलगडून द्यावीच लागते. उलगडण्याची सोय सर्व्हरपाशीच असते. चोर भिंत फोडून आला असता तर त्याला नुसते कुलूपबंद डबे मिळाले असते. तो काउंटरवरच्या कारकुनाच्या वेशात आला, तेव्हा डबे उघडूनच त्याच्या हातात पडले.

या प्रकरणातला एक तपशील फारसा चर्चेत आला नाही. त्रुटी कळल्यावर प्रोग्रेसने ग्राहकांना पहिला सल्ला दिला तो वेबकडून येणारी सगळी वाहतूक तात्काळ बंद करण्याचा. त्याच सूचनेत म्हटलं होतं की एसएफटीपीने फाइल पाठवणं या काळातही चालू राहील. म्हणजे एन्क्रिप्टेड वाट शाबूत होती. फुटलं ते सोयीसाठी शेजारी काढलेलं वेबचं दार.

एमसिसॉफ्ट या कंपनीने ठेवलेल्या मोजणीनुसार या एका हल्ल्याची झळ २,७०० हून अधिक संस्थांना आणि ९ कोटींहून अधिक माणसांना बसली. त्यातल्या बहुतेकांनी मूव्हइट हे नाव कधी ऐकलंही नव्हतं. बीबीसी, ब्रिटिश एअरवेज आणि बूट्सच्या कर्मचाऱ्यांची माहिती गेली ती झेलिस या कंपनीकडून. झेलिस त्यांच्या पगाराचं काम बघते आणि मूव्हइट वापरत होती झेलिस. अमेरिकेत लुइझियाना आणि ओरेगन या राज्यांतल्या वाहन परवानाधारकांचा डेटा गेला. त्यांनी फक्त ड्रायव्हिंग लायसन्स काढलं होतं.

हल्लेखोर इथेच का येतात?

क्लॉपने हे पहिल्यांदा केलं नव्हतं आणि शेवटचंही नाही. २०२०च्या अखेरीस अॅक्सेलियन, २०२३च्या सुरुवातीला गोएनीव्हेअर, मग मूव्हइट, २०२४च्या डिसेंबरमध्ये क्लिओ. चारही उत्पादनं फाइल ट्रान्सफरचीच. २०२५मध्ये क्रशएफटीपी आणि पुन्हा एकदा गोएनीव्हेअर यांच्यातल्या गंभीर त्रुटींचा हल्लेखोरांनी फायदा घेतला.

कारण अगदी व्यवहारी आहे. कंपनीचं संपूर्ण नेटवर्क धुंडाळून महत्त्वाची फाइल शोधायला आठवडे लागतात. फाइल ट्रान्सफर सर्व्हरवर मात्र नेमक्या महत्त्वाच्या फाइल्सच असतात. पगारपत्रकं, विम्याचे दावे, रुग्णांचे अहवाल, सगळं कुणीतरी आधीच निवडून, गोळा करून, नीट नाव देऊन ठेवलेलं. शिवाय हा सर्व्हर बाहेरच्यांना वापरता यावा म्हणून इंटरनेटवर उघडा ठेवावाच लागतो. मूव्हइट हल्ल्यात टोळीने संस्थांचे कॉम्प्युटर बंद पाडण्याच्या फंदात न पडता थेट फाइल्स उचलल्या आणि 'पैसे द्या, नाहीतर प्रसिद्ध करू' अशी धमकी दिली.

यातला सर्वांत साधा प्रश्न म्हणजे त्या फाइल्स तिथे होत्याच कशाला? ट्रान्सफर सर्व्हर ही पाठवण्याची जागा आहे, साठवण्याची नाही. पलीकडच्याने फाइल उतरवून घेतली की ती तिथून पुसली जायला हवी. पण 'असू दे, पुन्हा लागली तर' म्हणून ती वर्षानुवर्षं तशीच राहते. मूव्हइटच्या ज्या ग्राहकांनी जुन्या फाइल्स आपोआप पुसण्याची सोय लावली होती, त्यांच्याकडून चोराला काही दिवसांचाच ऐवज मिळाला असणार. इतरांकडून काही वर्षांचा.

मग फाइल पाठवायची कशी?

स्वतःचा सर्व्हर असलेल्या छोट्या कार्यालयाला, मग ते सीएचं असो, पॅथॉलॉजी लॅबचं असो की वेब डिझायनरचं, महागडं उत्पादन लागत नाही. लिनक्सच्या सर्व्हरवर ओपनएसएसएच बहुतेक वेळा आधीच असतं किंवा मोफत बसवता येतं. लक्ष द्यायचं ते सेटिंगकडे. प्रत्येक ग्राहकासाठी वेगळा युजर हवा. त्याला फक्त फाइल ठेवता-काढता यावी, सर्व्हरवर हुकूम चालवता येऊ नयेत. तो स्वतःच्या फोल्डरबाहेर डोकावू शकू नये. पासवर्ड बंद, किल्ली चालू. 'रूट' या सर्वाधिकारी खात्याने बाहेरून थेट प्रवेश नको. अपडेट आलं की ते टाकायचं आणि ठरावीक दिवसांनी जुन्या फाइल्स आपोआप पुसायच्या. कुणी कधी काय उचललं याची नोंद ठेवायची आणि ती अधूनमधून वाचायचीही. कोण कामावरून गेलं आणि त्याची किल्ली अजून चालते का, हे तपासणं सहसा कुणाच्या यादीत नसतं.

मूव्हइटसारख्या हल्ल्यातून वाचवणारा उपाय आणखी एक पायरी अलीकडे आहे. फाइल सर्व्हरवर चढवण्याआधी आपल्याच कॉम्प्युटरवर एन्क्रिप्ट करायची आणि ती उलगडण्याची किल्ली फक्त ज्याला पाठवायची त्याच्याकडे ठेवायची. जीपीजी किंवा एज यांसारखे मोफत प्रोग्राम हे काम करतात. मग सर्व्हर फुटला तरी चोराच्या हाती कुलूपबंद डबाच लागतो. यात कटकट आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. किल्ल्या सांभाळाव्या लागतात, पलीकडच्या माणसाला शिकवावं लागतं, आणि किल्ली हरवली तर फाइल कायमची गेली.

सामान्य माणसाला एवढं जमणार नसेल तर सेव्हन-झिपसारख्या प्रोग्रामने फाइलला मोठा पासवर्ड लावता येतो. तो पासवर्ड त्याच ई-मेलमध्ये न लिहिता फोनवर सांगायचा. मात्र पासवर्ड अंदाज करता येणारा असेल तर फायदा नाही. ई-आधारची पीडीएफ याचं रोजचं उदाहरण आहे. तिचा पासवर्ड म्हणजे नावाची इंग्रजीतली पहिली चार अक्षरं आणि जन्माचं वर्ष. नाव माहीत असलेल्या माणसाला जास्तीत जास्त शंभरेक वर्षं आजमावून बघायची असतात आणि फेसबुकवरच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा तेवढेही कष्ट घेऊ देत नाहीत. लॉजवाल्याला किंवा एजंटला व्हॉट्सअॅपवर ही पीडीएफ पाठवली, तर व्हॉट्सअॅपचं एन्क्रिप्शन वाटेत तिला सांभाळतं. पुढे ती त्याच्या फोनमध्ये आणि काउंटरवरच्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये किती वर्षं राहते, ते व्हॉट्सअॅपच्या हातात नाही.

कायदा काय म्हणतो?

सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि सिस्टिमच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३मध्ये मंजूर झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. या नियमांत एन्क्रिप्शनचा उल्लेख आहे. पण तो एकटा नाही. डेटापर्यंत कोण पोहोचू शकतं यावर नियंत्रण, त्याच्या नोंदी, त्या किमान एक वर्ष जपणं, हेही सोबत आहे. डेटा फुटला तर ज्यांचा डेटा आहे त्यांना विनाविलंब कळवायचं आणि डेटा संरक्षण मंडळाला ७२ तासांत सविस्तर माहिती द्यायची. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

मूव्हइट आणि नॅच या दोन्ही प्रकरणांच्या दृष्टीने महत्त्वाची तरतूद वेगळीच आहे. बँकेने किंवा कंपनीने काम दुसऱ्या कुणाला सोपवलं आणि डेटा त्याच्याकडून फुटला, तरी कायद्यापुढे जबाबदारी मूळ बँकेची किंवा कंपनीचीच राहते. 'आमच्या व्हेंडरकडून झालं' हे उत्तर चालणार नाही. त्यामुळे बँकांना आता आपल्या कंत्राटदारांशी करारात सुरक्षेच्या अटी लिहाव्या लागतील आणि त्या पाळल्या जातात का हे बघावंही लागेल.

मात्र संस्थांवरच्या या मुख्य जबाबदाऱ्या लागू करायला नियमांनी १८ महिन्यांची मुदत दिली आहे. ती मे २०२७मध्ये संपते. तोपर्यंत हप्त्याच्या फॉर्मवर सही करणाऱ्याने तो कागद पुढे कुणाच्या सर्व्हरवर जातो आणि काम झाल्यावर तिथून कधी पुसला जातो, असं विचारलं, तर या नव्या नियमांचा आधार घेऊन त्याला उत्तर देण्याचं बंधन कुणावर नाही.